थंडीत कुरकुरणारी नवी गाडी: आवाज शोधायचा कसा, डीलरकडून काम करून घ्यायचं कसं

ओडोमीटरवर जेमतेम 3,000 किलोमीटर. जानेवारीतली सकाळ, बाहेर उणे 22. पार्किंगमधून निघताना पहिल्याच गतिरोधकावर पुढून आवाज येतो, जुन्या वाड्याच्या दाराचा असतो तसा: कुर्रर्र. कॅनडात एडमंटन, विनिपेग, ओटावा, कुठेही राहा; नवी गाडी घेतलेल्यांची पहिल्या हिवाळ्यातली ही ठरलेली तक्रार. गाडी डीलरकडे जाते आणि संध्याकाळी परत येते ती "तपासलं, आवाज आढळला नाही" असा शेरा घेऊन.

डीलर खोटं बोलत असतो असं नाही. आवाज असतो उणे 22 अंशांतला आणि गाडी उभी राहते गरम शेडमध्ये. तिथे ती दोन तास नंबर लावून थांबली, की रबर मऊ पडतं, चिकटलेला बर्फ वितळून खाली ठिबकतो आणि मेकॅनिक गाडी फिरवून आणतो तेव्हा ती गुपचूप चालते. कॅलगरीत तर याहून गंमत. अपॉइंटमेंटच्या दिवशी नेमका शिनूक, म्हणजे डोंगरावरून उतरणारा उबदार वारा, सुटतो, काही तासांत पारा पंधरा-वीस अंशांनी चढतो आणि आवाज घरूनच गायब. म्हणून सगळा खटाटोप एकाच गोष्टीसाठी करायचा: गाडी थंडच्या थंड मेकॅनिकच्या हाती द्यायची.

आधी धोका आहे का ते पाहा

कुरकुर त्रासदायक असते, धोक्याची क्वचितच. पण पुढच्यापैकी काही दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या: एक कोपरा बाकीच्यांपेक्षा खाली बसलाय, स्टिअरिंग सरळ धरूनही गाडी अचानक एका बाजूला ओढते, शॉक ॲब्सॉर्बरखाली तेलाचे थेंब पडलेत, किंवा वेगाबरोबर वाढणारी धडधड चाकातून येते आणि नुकतेच विंटर टायर बसवलेत.

शेवटच्या लक्षणात पहिला संशय सैल चाकनटांवर घ्या. टायर बदलल्यावर 80 ते 100 किलोमीटर चालवून नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासायचे असतात. रिम आणि हब (रिम ज्यावर बसते तो भाग) यांच्यामध्ये गंजाचा पापुद्रा किंवा बर्फ अडकलेला असेल, तर आज घट्ट बसलेला नट दोन दिवसांत सैल होतो. किती जोराने (न्यूटन-मीटरमध्ये) आवळायचं ते मॅन्युअलमध्ये पाहा. बहुतेक कारना 100 ते 140 च्या दरम्यान लागतं, पण अंदाजावर जाऊ नका. ठिबकणारा शॉक आणि नुसता ओलसर शॉक यांतही फरक करा. रॉडच्या सीलपाशी तेलाचा पातळ थर, त्यावर धूळ, हे चालतं. ओघळ खालपर्यंत आला असेल तर शॉक गेला.

थंडीत नेमकं काय होतं

सस्पेन्शनचा, म्हणजे चाकं गाडीला जोडणाऱ्या आणि धक्के झेलणाऱ्या भागांचा, जवळजवळ प्रत्येक जोड रबरात बसवलेला असतो. उन्हाळ्यात धातू हलतो तसं रबर त्याच्याबरोबर पिळवटतं, आणि आवाज होत नाही. थंडीत ते ताठ होतं. नैसर्गिक रबराची आणखी एक खोड आहे: उणे 25 च्या आसपास त्याचे रेणू सर्वांत वेगाने स्फटिकासारखे बांधले जातात, आणि या प्रक्रियेला वेळ लागतो. त्यामुळे तासभर बाहेर उभी राहिलेली गाडी आणि रात्रभर बाहेर राहिलेली गाडी यांचे आवाज सारखे नसतात. पुढे डीलरकडे हाच मुद्दा कामी येतो.

शॉकमधलं तेलही घट्ट होतं, म्हणून पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी बैलगाडीसारखी आदळते. हे सर्वसाधारण आहे. इंजिन पंधरा मिनिटं नुसतं चालू ठेवून काही उपयोग नाही. त्याने केबिन गरम होते, सस्पेन्शन नाही. शॉक गरम होतात ते वर-खाली हलूनच. अर्धा-एक मिनिट इंजिन चालवा आणि सावकाश निघा.

घरी करायची तपासणी

डीलरला फोन करण्याआधी एक संध्याकाळ आणि एक सकाळ द्या. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

संध्याकाळी डिकी पूर्ण रिकामी करा. फावडं, जंपर केबल, वॉशर फ्लुइडचा कॅन, स्टेपनीखालचा जॅक, सगळं बाहेर. मागून येणारी खडखड बऱ्याचदा जॅकची निघते. मग टॉर्च घेऊन चारही चाकांच्या कमानीत पाहा. तिथे साठलेला करडा बर्फ दगडासारखा होतो आणि स्टिअरिंग वळवलं की टायरला घासतो. प्लास्टिकच्या किंवा लाकडी दांड्याने तो हळूच पाडा. लोखंडी काही वापरू नका, आत एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरची वायर आणि ब्रेकची नळी असते. रिमच्या आतल्या बाजूला चिकटलेला बर्फ तर पटकन दिसतही नाही, पण महामार्गावर चाक थरथरायला तेवढा पुरतो.

हवेचा दाब पाहा. तापमान दर 5 ते 6 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण 1 पीएसआयने उतरते. गरम तळघरात 15 अंशांना 35 भरले आणि बाहेर उणे 20 असेल, तर टायरमध्ये 29 च्या आसपासच उरतात. दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे ठेवायचा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याप्रमाणे नव्हे. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका होत नाही, तोही तेवढाच आकसतो.

नव्या गाडीत आणखी एक जागा न विसरता पाहा. जहाज किंवा रेल्वेने येताना गाडी डुलू नये म्हणून काही मॉडेलांच्या स्प्रिंगांत रबरी किंवा प्लास्टिकचे ठोकळे घातलेले असतात. ते काढणं आणि वाहतुकीसाठी जास्त भरलेली हवा कमी करणं, ही कामं गाडी ताब्यात देण्यापूर्वीच्या तपासणीत डीलरने करायची असतात. कधीकधी एखादा ठोकळा तसाच राहतो. गाडी पहिल्या दिवसापासून कडक वाटत असेल, छोट्या खड्ड्यातही धप्प आदळत असेल, तर स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये टॉर्च मारा. रंगीत तुकडा दिसला तर फोटो काढा. स्वतः उपटू नका, त्यांनाच काढायला लावा.

सकाळी, गाडी रात्रभर बाहेर राहिलेली असताना, रेडिओ आणि पंखा बंद करून निघा. निघताना एकदाच "ठक्क" असा आवाज आला आणि पुन्हा आला नाही, तर तो डिस्कला चिकटलेल्या ब्रेक पॅडचा. आदल्या दिवशी गाडी धुतली असेल किंवा ओल्या बर्फातून आली असेल तर हे होतंच. सपाट जागी गिअर पार्कमध्ये टाकून पार्किंग ब्रेक न लावता उभी करा, म्हणजे टळतं. वेग 10 ते 20 वर गेल्यावर एकदाच घर्र असं काही ऐकू आलं, तर ती एबीएसची स्वतःची चाचणी. पहिल्या दोन-तीन किलोमीटरपुरती लयीत धबधब येत असेल, तर रात्रभर एकाच जागी दबून टायर तिथे चपटा झालाय. गरम झाला की गोल होतो.

हे वगळूनही आवाज उरला, की वहीत चार गोष्टी लिहा: तापमान, निघाल्यापासून किती मिनिटं किंवा किलोमीटर, वेग आणि रस्ता (एक चाक चढलं की दोन्ही, ब्रेक लावताना की वळताना), आणि कोणता कोपरा. मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा. ड्रायव्हरला मागचा आवाज बऱ्याचदा पुढून आल्यासारखा वाटतो. फोनवर व्हिडिओ करताना डॅशबोर्डवरचं बाहेरचं तापमान आणि स्पीडोमीटर एकाच चौकटीत येऊ द्या. काउंटरवर तुमच्या शब्दापेक्षा या वीस सेकंदांना वजन असतं.

आवाज सांगतो भाग कोणता

कुरकुर, किर्रर्र. दहा-वीसच्या वेगात, गतिरोधकावर, घरासमोरच्या चढावर; कडाक्याच्या थंडीत येते, बर्फ वितळून रस्ता ओला झाला की थांबते. दहांतली बहुतेक प्रकरणं स्टॅबिलायझर बारच्या बुशांची, म्हणजे तिला धरणाऱ्या रबरी गाद्यांची. अंगठ्याएवढ्या जाडीची ही पोलादी दांडी दोन्ही चाकांना जोडते आणि मधे दोन ठिकाणी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या रबरी बुशांत, पट्टीखाली आवळलेली असते. चाकं वर गेली की दांडी बुशांत थोडी फिरते. उन्हाळ्यात रबर तिच्याबरोबर पिळतं. थंडीत ते ताठ, त्यातून मिठाचे आणि वाळूचे कण आत शिरलेले. मग रबर दांडीला धरून ठेवतं, सुटतं, पुन्हा धरतं. दार करकरतं ते अगदी याच कारणाने. दोन्ही चाकं एकदम उंचवट्यावर चढली तरी आवाज येतो, ही खूण लक्षात ठेवा.

खात्री करायला साधा उपाय: उणे 40 पर्यंत न गोठणारं वॉशर फ्लुइड फवारणीच्या बाटलीत भरा, चाक पूर्ण वळवून ते कमानीतून बुशावर मारा आणि त्याच गतिरोधकावरून पुन्हा जा. पाच-दहा मिनिटं आवाज गेला आणि मग परत आला, तर चोर सापडला. साधं पाणी नको, गोठून बसेल. फ्लुइड ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका. त्यात मिथेनॉल असतं, विषारी आणि ज्वलनशील. इंजिन गरम असताना आणि बंद गॅरेजमध्ये हे करू नका. गाडीखाली जॅक लावून तर मुळीच नको. उभ्या उभ्या हात पोहोचत नसेल तर हा प्रयोग सोडून द्या.

इथे थांबा. पुढचं काम डीलरचं. "ग्रीस मार, दोन मिनिटांचं काम" हा सल्ला पुण्याहून फोनवर हमखास मिळतो. पण साधं ग्रीस आणि पेट्रोलियमचे फवारे रबर फुगवतात, आणि आवाज दबला की डीलरला दाखवायला काही उरत नाही. कंपन्या यावर बहुधा सुधारित बुश देतात. कुठे सिलिकोन ग्रीस लावून बसवायला सांगतात, तर कुठे बुश दांडीला कायमचे चिकटवलेले असल्याने अख्खी दांडी बदलतात.

टकटक, टकटक. बर्फात पडलेल्या चाकोऱ्या, विटांचा रस्ता, एकेक चाक वेगवेगळं उडतं तिथे. हा लिंक रॉड, म्हणजे दांडीला स्ट्रटशी (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाशी) जोडणारी छोटी काठी; तिच्या टोकांचे सांधे सैल असतात किंवा नट नीट आवळलेला नसतो. डीलरकडे दोन्ही बाजूंच्या लिंक सोडून आवारातल्या आवारात गाडी सावकाश फिरवून पाहतात. आवाज गेला तर निदान झालं.

टंग्, पियांग. उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवताना. स्ट्रटच्या वरच्या माउंटचं बेअरिंग अडतं, स्प्रिंग पिळत जाते आणि सुटते. स्प्रिंगच्या रबरी बैठकीत बर्फ किंवा खडी अडकली तरी असंच होतं, म्हणून गाडी एकदा गरम वॉशमध्ये खालून धुऊन पाहा.

ब्रेक लावताना किंवा सोडताना एकच जड ठक: लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) मागचा बुश. काही गाड्यांत त्यात द्रव भरलेला असतो आणि फुटला की काळपट ओघळ दिसतो. रिव्हर्समधून ड्राइव्हला टाकल्यावर धातूची टक् आली, तर ती बहुधा सस्पेन्शनची नसते. हबमध्ये बसलेल्या ड्राइव्ह शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांडीचा) खांदा घसरून येते, आणि साफ करून नवा नट, वॉशर किंवा पेस्ट लावली की जाते. चाक पूर्ण वळवून पार्क करताना गाडी उड्या मारत फरफटते, ते रुंद उन्हाळी टायर. 7 अंशांखाली त्यांचं रबर ताठ होतं. विंटर टायर लावा, मेकॅनिककडे जाऊ नका. क्वेबेकमध्ये तर 1 डिसेंबर ते 15 मार्च ते कायद्यानेच लागतात.

आणि दाराचं रबर! गाडी तिरकी चढावर जाताना बॉडी किंचित पिळते, दाराच्या कडेचं थंड रबर रंगावर घासतं आणि आवाज थेट चाकातून आल्यासारखा वाटतो. काच इंचभर खाली करून त्याच जागेवरून जा; आवाज बदलला, तर संशय इथेच. मग दाराच्या चारही कडांच्या रबरावर सिलिकोन ग्रीसचा हात फिरवा. इथे मात्र ते घरी करायला हरकत नाही, दार गोठून चिकटण्याचाही प्रश्न सुटतो.

डीलरकडे

अपॉइंटमेंट सकाळी पहिली मागू नका. आदल्या संध्याकाळी गाडी त्यांच्या आवारात सोडण्याची मागा. किल्ली टाकायची पेटी बहुतेकांकडे असते. पाकिटावर आणि फोनवरही सांगा: गाडी रात्रभर बाहेरच राहू द्या, शेडमध्ये घेण्याआधी मेकॅनिकने थंड गाडी चालवून पाहावी. हवामानाचा अंदाज पाहूनच दिवस घ्या. उणे 5 चा दिवस फुकट जातो.

काउंटरवरचा सर्व्हिस ॲडव्हायझर गाडी दुरुस्त करत नाही, तक्रार लिहून घेतो. त्याने "पुढून आवाज येतो" एवढंच लिहिलं, तर आतल्या मेकॅनिकला तेवढंच कळतं. बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकला कामामागे ठरलेल्या तासांचे पैसे मिळतात आणि आवाज शोधत फिरण्याचे फार थोडे. मोघम तक्रार घेऊन तो तासभर फिरणार नाही. म्हणून वाक्य तुम्ही सांगा आणि वर्क ऑर्डरवर तसंच उतरलंय का ते वाचूनच सही करा: उणे 15 च्या खाली, रात्रभर बाहेर उभी राहिल्यावर, पहिल्या 10 मिनिटांत, 15 च्या वेगाने गतिरोधकावर, पुढे उजवीकडून. शब्दही नेमका हवा. कुरकुरीला तिथे क्रीक म्हणतात, बारीक चूंचूंला स्क्वीक, जड ठकला क्लंक, हलक्या टकटकीला नॉक, खडखडीला रॅटल. मराठीत आवाजांची एवढी श्रीमंती असताना इंग्रजीत सगळ्याला "नॉइज" म्हणून मोकळं होणं परवडत नाही.

मेकॅनिकला शेजारी बसवून फिरायची विनंती करा. ॲडव्हायझर नाही म्हणाला तर शॉप फोरमनबद्दल (मेकॅनिकांच्या प्रमुखाबद्दल) विचारा. आवाज येणारा गतिरोधक किंवा चढ त्यांच्या आवाराजवळ आधीच शोधून ठेवा.

या मॉडेलसाठी टेक्निकल सर्व्हिस बुलेटिन आहे का, हे थेट विचारा. अशा ज्ञात आवाजांसाठी कंपनी डीलरना भाग क्रमांकासह सूचना पाठवते. ती रिकॉल नव्हे. कुणी तक्रार केली तरच लागू होते, आपणहून कुणी बोलावत नाही. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर मॉडेल आणि वर्ष टाकलं की बुलेटिनं दिसतात. कॅनडात विकली जाणारी बरीच मॉडेलं तीच असल्याने क्रमांक छापून नेता येतो.

आवाज सापडलाच नाही तरी वर्क ऑर्डरची प्रत घ्या. तारीख, किलोमीटर आणि तक्रार त्यावर असली पाहिजे. वॉरंटीत असताना नोंदवलेला दोष पुढे मुदत संपल्यावरही मांडता येतो. तोंडी सांगितलेला नाही. बहुतेक कंपन्यांची मूळ वॉरंटी कॅनडात 3 वर्षं किंवा 60,000 किलोमीटर असते, ह्युंदाई आणि कियाची 5 वर्षं किंवा 100,000. पण बारीक अक्षरं वाचा. कुरकुर घालवणं, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), दारं बसवणं अशी "ॲडजस्टमेंट"ची कामं काही कंपन्या पहिल्या वर्षापुरतीच किंवा 20,000 किलोमीटरपर्यंतच फुकट करतात. पहिला हिवाळा अंगावर काढला तर दुसऱ्यात पैसे पडू शकतात.

भाग बदलल्यावर

एकच प्रश्न विचारा: बोल्ट शेवटचे आवळताना गाडीचं वजन चाकांवर होतं का? लिफ्टवर चाकं लोंबत असताना लोअर आर्मचा बोल्ट पूर्ण आवळला, तर बुश त्या लोंबत्या स्थितीत कैद होतो. गाडी खाली ठेवली की तो कायमचा पिळलेला राहतो, लगेच कुरकुरतो आणि वर्ष-दोन वर्षांत फाटतो. दुरुस्तीनंतर "नवाच आवाज" येतो त्यामागे बहुधा हेच असतं. आर्म किंवा स्ट्रटला हात लागला असेल तर अलाइनमेंटचा छापील कागद मागा. आणि पसंती त्यांच्या गरम शेडमध्ये देऊ नका. पुढच्या थंड सकाळी त्याच गतिरोधकावर चालवून मगच द्या.

गाडी तिथे आहेच तर नेहमीच्या सर्व्हिसिंगचंही पाहून घ्या. कडाक्याची थंडी आणि रोजच्या पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या याला मॅन्युअलमध्ये "सिव्हिअर" वापर म्हणतात, आणि त्याचं वेळापत्रक वेगळं, लवकरचं असतं. इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे तेलात पाणी आणि पेट्रोल साठत जातं. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच हवं. डब्यावर 0डब्ल्यू लिहिलेल्या तेलाची चाचणी उणे 35 ला इंजिन फिरवण्याची आणि उणे 40 ला तेल पंप होण्याची असते, 5डब्ल्यू ची दोन्हींत 5 अंश अलीकडे. गंजरोधक तेलाचा फवारा मारून घेणार असाल, तर सस्पेन्शनच्या रबरी बुशांना वगळायला सांगा. इंजेक्टर सफाई आणि तत्सम जोडकामं मॅन्युअलच्या तक्त्यात नसतील तर नम्रपणे नको म्हणा.

तरीही दाद मिळाली नाही तर

दोन भेटींत काम झालं नाही, तर वाद डीलरशी घालत बसू नका. वॉरंटीचा खर्च कंपनी देते. कंपनीच्या कॅनडातल्या ग्राहक सेवेला फोन करून प्रकरण क्रमांक घ्या आणि कंपनीच्या विभागीय तांत्रिक प्रतिनिधीने गाडी पाहावी अशी मागणी करा. त्यानंतरचा मार्ग म्हणजे कॅमव्हॅप, मोटार वाहनांसाठीची लवाद योजना. ग्राहकाला ती फुकट असते, निर्णय दोन्ही बाजूंना बंधनकारक असतो, आणि सहभागी कंपन्यांच्या चालू व मागच्या 4 मॉडेल-वर्षांच्या गाड्या, 160,000 किलोमीटरच्या आत, तिथे जाऊ शकतात. मात्र तिथे पहिला प्रश्न हाच येतो की डीलरला आणि कंपनीला दुरुस्तीची पुरेशी संधी दिली होती का. त्या वर्क ऑर्डरच्या प्रती इथे लागतात.

वॉरंटी संपल्यावर पैसे देऊन काम केलंत आणि तुम्ही ओंटारिओत असाल, तर लेखी अंदाजपत्रक आधी मागा. अंतिम बिल त्यापेक्षा 10 टक्क्यांहून जास्त वाढू शकत नाही. बसवलेल्या भागांना आणि मजुरीला कायद्याने किमान 90 दिवस किंवा 5,000 किलोमीटरची हमी असते. ऑक्टोबरात बदललेला बुश डिसेंबरात पुन्हा कुरकुरला, तर त्याच बिलावर गाडी परत न्या, आणि या वेळीही आदल्या संध्याकाळीच सोडा.